कबाडीकडची ‘हिरे कापायची मशीन’: ती नेमकी काय आहे आणि घ्यावी का

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका कबाडीकडे तीन वस्तूंचा एकत्र सौदा आहे: टेबलावर ठेवायची गोल तबकडीची मशीन, जिच्या शेजारी उभा दांडा आणि त्याला आडवा हात आहे, पत्र्याच्या झाकणाची एक करवत, आणि बिस्किटाच्या डब्यात धातूच्या चकत्या. नेमप्लेट घासली गेली आहे. मोटरवर ११५ आणि १७२५ एवढंच वाचता येतं. कबाडी तिला ‘हिरे कापायची मशीन’ म्हणतो आणि सगळ्याचे पंचेचाळीस हजार मागतो. ही वस्तू काय आहे, आणि घ्यावी का?

तुम्ही पाठवलेले फोटो नीट पाहिले. हिऱ्याशी हिचा संबंध नाही. ही रंगीत खड्यांना पैलू पाडायची मशीन आहे आणि मोटरवरून तरी अमेरिकन वाटते. करवत तिच्या जोडीची नाही, ती भूविज्ञानाच्या प्रयोगशाळेतली दिसते. घ्यावी की नाही, हे फोटोवरून कुणीच सांगू शकणार नाही. ते तुम्हाला तिथे उभं राहून, हात लावून ठरवावं लागेल. कसं, ते सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. पैलू पाडायच्या मशीनची किंमत तिच्या मोटरमध्ये नसते, रंगात नसते, नावातही फारशी नसते. मोटर, पट्टा, बेअरिंग, पाण्याची टाकी, खालचा ट्रे हे सगळं नागपुरात मिळतं किंवा एखादा चांगला लेथवाला करून देतो. जे इथे मिळत नाही आणि करून घ्यायला गेलात तर मशीनपेक्षा महाग पडतं, ते म्हणजे खडा धरणारी यंत्रणा: उभा दांडा म्हणजे मास्ट, त्यावर सरकणारी बैठक, कोनाची डायल, टोकाशी फिरणारी, खड्याची कांडी धरणारी क्विल आणि क्विलवरचं दातेरी चाक, म्हणजे इंडेक्स गिअर. पैसे या पाच गोष्टींचे द्यायचे. बाकी सगळं लोखंड.

म्हणूनच जुनी मशीन ओळखताना मी नेमप्लेट शेवटी बघतो. आधी बघतो की दगड कुठे आणि कसा धरला जातो. नागपुरात ‘रत्न कापायची मशीन’ म्हणून जे विकायला येतं, त्यात खरी पैलूची मशीन क्वचितच असते. या शहरात धातू आणि खनिजं तपासणाऱ्या संस्था भरपूर. सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय आहे, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथे, मँगनीजच्या खाणी चालवणाऱ्या मॉइलचं मुख्यालय इथे, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत धातुशास्त्राचा विभाग, विद्यापीठात भूविज्ञानाचा. शिवाय हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या तपासणीच्या खोल्या. प्रयोगशाळांची यंत्रं जुनी झाली की लिलावात जातात आणि फिरत फिरत कबाड्याकडे येतात. तबकडी फिरताना दिसली की कबाडी तिला रत्नांची मशीन म्हणतो, आणि घेणाराही फसतो.

अशातली सगळ्यात जास्त दिसणारी वस्तू म्हणजे धातूचे नमुने पॉलिश करायची डिस्क मशीन. आठ किंवा दहा इंची आडवी तबकडी, कडेला कापड ताणून बसवायची कडी, वरून वाकलेला पाण्याचा नळ, आणि मास्टचा पत्ता नाही. काही मशीनना अशा दोन तबकड्या शेजारी शेजारी असतात. पैलू पाडायला ही निरुपयोगी आहे. पण तिची तबकडी सरळ फिरत असेल तर अकीकाचे काप, गारगोट्या, जिओडचे (आत स्फटिक असलेल्या पोकळ दगडाचे) तोंड सपाट घासायला फार उत्तम. योग्य भावात मिळाली तर मी ती सोडणार नाही, फक्त तिला पैलूची मशीन समजून पैसे देणार नाही.

दुसरी वस्तू सुरतेकडची हिऱ्याची घंटी. बिडाची जड चकती, जिला तिकडे सरण म्हणतात, मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांनी फिरते. तिच्यावर तेल आणि हिऱ्याची पूड लावतात. तीत खडा धरायचा हात सुटा असतो, पाय टेबलावर आणि खड्याचं टोक चकतीवर. ती फक्त हिऱ्यासाठी. त्या वेगाच्या बिडावर गार्नेट किंवा स्फटिक टेकवलात तर तापून तडकेल. चष्म्याच्या काचा घासायची मशीन, दातांचे साचे घासायचा ट्रिमर आणि सराफ्यात चांदीला चकाकी आणायचं पिंप हेही ‘रत्नवाले’ म्हणून समोर येतात. काचेच्या मशीनचं चाक उभं आणि मध्ये खाच असलेलं असतं, दातांच्या ट्रिमरला उभ्या चकतीसमोर छोटं टेबल असतं, चांदीच्या पिंपात स्टीलच्या गोळ्या असतात. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

जयपुरी पद्धतीची मशीन मात्र वेगळी ओळखायला हवी, कारण ती खरोखर रत्नांचीच असते. जुन्या कारागिरांची चकती लाख आणि कुरुंदाच्या पुडीची असे आणि ती कमानीने फिरवत. आताच्या मशीनला टेबलाखाली मोटर, वर चकती, आणि शेजारी खुंट्यावर किंवा भोकांच्या फळीवर टेकवायचा सुटा हँडपीस असतो. फळीतल्या ज्या भोकात काठीचं मागचं टोक खुपसाल, त्यावर कोन ठरतो. ज्याचा हात बसलाय तो कारागीर यावर दिवसभर झपाझप माल काढतो. नवशिक्याला, विशेषतः पुस्तकातला आराखडा अंशाअंशाने पाळून पैलू पाडायचे असतील त्याला, ही मशीन मी घ्यायला सांगत नाही.

आता तुमच्या मशीनकडे येऊ. मोटरवरचे ते दोन आकडे बरंच बोलतात. चार ध्रुवांची इंडक्शन मोटर ६० सायकलच्या (हर्ट्झच्या) विजेवर मिनिटाला साधारण १७२५ फेऱ्या घेते. आपल्या ५० सायकलवर तीच मोटर १४४० च्या आसपास फिरते. म्हणून भारतीय मोटरवर १४२५ किंवा १४४० लिहिलेलं दिसेल, सोबत २३० व्होल्ट आणि पुष्कळदा आयएस ९९६ हा भारतीय मानकाचा क्रमांक. तुमच्याकडे ११५ आणि १७२५ आहे, म्हणजे मोटर ६० सायकलच्या देशातली. कबाडी म्हणेल, ट्रान्सफॉर्मर लावा की झालं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, सायकल बदलत नाही. मोटर सहावा हिस्सा हळू फिरेल आणि जास्त तापेल. दोन्ही बाजूंना कार्बन ब्रशच्या टोप्या असतील तर गोष्ट वेगळी, ती युनिव्हर्सल किंवा डीसी मोटर, तिला सायकलचं देणंघेणं नाही. तुमच्या फोटोत टोप्या दिसत नाहीत. मोटर बदलायची आहे असंच धरून चाला आणि तेवढे पैसे सौद्यातून कमी करा. स्पीड कंट्रोलरसह डीसी मोटर बसवली की मशीन आधीपेक्षाही हाताशी येते.

मशीन किती जुनी, हे कास्टिंगवरच्या खुणांवरून कळतं. पेटंट क्रमांक ओतलेला असेल तर अमेरिकेत तीस लाखावं पेटंट १९६१ मध्ये दिलं गेलं, चाळीस लाखावं १९७६ मध्ये आणि पन्नास लाखावं १९९१ मध्ये. मशीन त्या वर्षाच्या आधीची असूच शकत नाही, नंतरची असू शकते. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर ती १९६३ नंतरची. भारतीय पाटीलाही हेच लागू: सहा आकडी पिन कोड १९७२ मध्ये आला, आणि मुंबईऐवजी बॉम्बे लिहिलेलं असेल तर पाटी बहुधा १९९५ च्या आधीची. नाव सापडलंच तर कॅलिफोर्नियाच्या अल्ट्रा टेक आणि फॅसेट्रॉन, फ्लोरिडाची ग्रेव्ह्ज, जपानची इमाहाशी, ऑस्ट्रेलियाची जेममास्टा ही नावं या धंद्यात माहितीची आहेत. पण नाव मोठं आणि मास्ट वाकलेला असेल, तर बिननावाची सरळ मशीन कधीही चांगली.

तपासणीला जाताना तीन वस्तू न्या: व्हर्नियर, एचएसएसची, म्हणजे हत्यारांच्या कठीण पोलादाची, पाव इंची गोल कांडी (टूलबिट), जी इतवारीत हार्डवेअरवाल्याकडे मिळेल, आणि शीतपेयाच्या दोन-तीन नळ्या एकमेकांत खोचून केलेला फूटभर लांब काटा. डायल गेज असेल तर दुधात साखर, नसेल तरी चालतं.

पहिल्यांदा क्विलच्या तोंडाचं भोक मोजा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर भरलं तर तुमची टूलबिट आत जाईल आणि खड्याची कांडी, म्हणजे डॉप, मिळायला सोपी. ६ मिलिमीटर किंवा भलताच आकडा आला तर डॉप लेथवर करून घ्यावे लागतील. अशक्य नाही, पण सगळे एका रेषेत आले पाहिजेत. भोक पाव इंची नसेल तर भोकाच्या मापाची दुसरी सरळ, घासलेली कांडी शोधा आणि पुढची तपासणी तिच्यावर करा.

मग टूलबिट घट्ट बसवा आणि इंडेक्स गिअरच्या कुठल्याही एका दातात खिट्टी अडकवा. टूलबिटवर तो नळ्यांचा काटा टेपने आडवा बांधा, म्हणजे क्विल फिरली की काट्याचं टोक फिरेल. आता बोटाने टूलबिट हलकेच पिळा, आधी उजवीकडे, मग डावीकडे. काट्याचं टोक किती सरकतं ते बघा. तीस सेंटिमीटर लांबीच्या टोकाला पाच मिलिमीटर हालचाल म्हणजे जवळजवळ एक अंश. ९६ दातांच्या गिअरवर एक दात म्हणजे ३.७५ अंश, त्यामुळे एक अंश ढिलाई ही पाव दाताहून जास्त झाली. अशा मशीनवर पैलू कधी एका बिंदूत मिळणार नाहीत, तुम्ही कितीही जीव ओता. चांगल्या मशीनवर टोक जेमतेम मिलिमीटरभर हलतं. हीच तपासणी गिअरच्या वेगवेगळ्या दातांवर करा, विशेषतः २४, ४८, ७२ आणि ९६ या आकड्यांवर. सगळ्यात जास्त वापर त्यांचा होतो, म्हणून झीज आधी तिथेच होते. ढिलाई सगळीकडे सारखी असेल तर दोष बहुधा अडकवणाऱ्या खिट्टीचा आणि ती नवी करता येते. चार-दोन दातांवरच असेल तर गिअर गेला.

गिअरवर किती दात आहेत तेही मोजा. ९६ चा गिअर नेहमीचा आणि बहुतेक आराखडे त्यावरच असतात, पण ९६ ला पाचाने भाग जात नाही. पंचकोनी आकार हवा तर ८० किंवा १२० लागेल. ६४ आणि ७२ चेही मिळतात. एकाहून जास्त गिअर सोबत मिळाले तर ती मोठी गोष्ट, त्यासाठी थोडं वर जायला हरकत नाही.

यानंतर मास्ट. डायल ९० अंशावर आणा, म्हणजे क्विल जमिनीला समांतर आडवी होईल. ९० अंशाला खड्याचा कंबरपट्टा घासतात, शून्याला टेबल, म्हणजे खड्याचा वरचा सपाट पैलू. आता मास्ट खाली उतरवत न्या, टूलबिट तबकडीच्या काठाला हलकेच टेकेपर्यंत. मागे मोबाइलचा टॉर्च धरा. टूलबिट आणि तबकडी यांच्यामधून प्रकाशाची फट दिसते का? फट एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला मिटलेली असेल तर एक तर डायलचा शून्य सरकलाय, नाहीतर मास्ट कललाय. कुठला दोष, हे कळायला मास्टची बैठक तबकडीपासून दूर आणि जवळ सरकवून, आणि हात डावीकडून उजवीकडे नेऊन पुन्हा बघा. फट प्रत्येक जागी तेवढीच राहिली तर दोष डायलचा, आणि तो सांभाळता येतो: दोन अंश चुकीची डायल कायम दोन अंशच चुकते, तेवढे वजा करून काम करता येतं. हात फिरवताना फट बदलली तर मास्ट किंवा त्याचा पाया वाकडा आहे. ठराविक चूक पोसता येते, बदलती चूक पोसता येत नाही.

यावर एवढा जोर देतो त्याचं कारण प्रकाशाचं आहे. स्फटिकाचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याच्या पुढे प्रकाश बाहेर न पडता आतच परततो तो कोन, सुमारे ४०.४ अंश; म्हणून त्याच्या खालच्या बाजूचे मुख्य पैलू साधारण ४२-४३ अंशांवर घासतात. कोन ४० च्या खाली घसरला की प्रकाश आतून परतण्याऐवजी खालून निघून जातो आणि खड्याच्या मध्यभागी काचेसारखी रिकामी खिडकी दिसते. दोन-तीन अंशांवर सगळा खेळ आहे. मशीन कोनाबद्दल खोटं बोलत असेल आणि तेही दर वेळी वेगळं, तर खडा कितीही पॉलिश करा, तो मेलेलाच दिसेल.

तबकडी हाताने फिरवून कडेला काहीतरी स्थिर टेकवून बघा. डायल गेजवर दोन-तीन शतांश मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर घाबरू नका, आधी बेअरिंग बदला आणि बहुतेकदा काम होतं. शाफ्टच वाकला असेल तर लेथवाल्याकडे न्यावं लागेल.

करवतीबद्दल. फोटोत नमुना धरायची छोटी पकड आणि काचपट्टी बसवायची जागा दिसते, म्हणून म्हटलं की ती भूविज्ञानवाल्यांची. खडकाचा काप काचपट्टीवर चिकटवून तो ०.०३ मिलिमीटरपर्यंत पातळ करतात, मग तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्या कामाची पहिली पायरी ही करवत. छोटे दगड आणि जिओड कापायला छान, डोक्याएवढा धोंडा तिच्यात जाणार नाही. पकड पात्याला समांतर सरकते का, तेवढं बघा: पकडीत सरळ गज धरा, पात्याच्या पुढच्या कडेशी त्याचं अंतर मोजा, पकड मागे नेऊन मागच्या कडेशी पुन्हा मोजा. अंतर वेगळं आलं तर पातं दर वेळी कडेने घासून बशीसारखं वाकत जाईल. पातं वाकलेलं असेल तर ते कशाने वाकलं हे शोधल्याशिवाय नवं बसवू नका, तेही वाकेल. टाकीतला तेलाचा आणि दगडाच्या चिखलाचा राडा कबाड्यालाच काढायला लावा, घरी आणून नालीत ओतू नका.

आणि कृपा करून ‘चालवून दाखवतो’ म्हणून कोरडा दगड कापू देऊ नका. खंभातच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिसने किती पोखरलं, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. फुप्फुसात गेलेली गारेची धूळ परत निघत नाही. मनसर-रामटेककडचे मँगनीजचे खडक कापणार असाल तर आणखी जपा, मँगनीजची धूळ मेंदूच्या नसांवर परिणाम करते. पाणी चालू असल्याशिवाय पातं किंवा चकती फिरवायची नाही, सौद्याच्या वेळीही नाही. दगडी घासचाक निघालंच तर ते आधी सुटं करून लाकडी मुठीने टकटक करा: खणखणीत आवाज आला तर शाबूत, बद्द आला तर आतून तडा. तडा गेलेलं चाक फिरवूच नये, ते फुटतं आणि माणूस मरू शकतो.

डब्यातल्या चकत्या: मधलं भोक अर्धा इंच आणि व्यास आठ किंवा सहा इंच असेल तर त्या पैलूच्या मशीनच्या असाव्यात. तांब्याची रंगावरून कळेल. करडी, मऊ, नखाने ओरखडा उठणारी आणि कागदावर पेन्सिलीसारखी रेघ ओढणारी असेल ती शिशाची; हात धुवा, मुलांपासून दूर ठेवा, आणि मला विचाराल तर वापरू नका. कथिलाची उजळ आणि थोडी टणक. कुठल्याही जुन्या चकतीवर आधी कुठली पूड चोळली होती हे कुणालाच माहीत नसतं, आणि जाड पुडीचा एक कण पॉलिशच्या चकतीत रुतलेला असेल तर प्रत्येक खड्यावर ओरखडे. म्हणून अशा चकत्यांचा वरचा थर लेथवर उतरवून घ्यायचा, तोवर त्या फक्त धातूच्या भावाच्या. डब्यात बिनलेबलाच्या बरण्या असतील तर फेकून द्या. पांढरी पूड अॅल्युमिनियम ऑक्साइड असेल, हिरवी क्रोमियम ऑक्साइड, गुलाबी-पिवळसर सीरियम ऑक्साइड, पण ‘असेल’ यावर खडा टाकायचा नसतो.

पंचेचाळीस हजार? मास्ट, डायल, क्विल आणि गिअर या सगळ्या तपासणीतून सुटले तर मोटर बदलायची धरूनही मी तेवढे देईन, थोडं घासाघीस करून. क्विल ढिली किंवा मास्ट वाकडा असेल तर पैलूची मशीन म्हणून एक रुपयाही नाही. मग करवत आणि सपाट घासायची तबकडी एवढ्याचंच बोला, तेही प्रयोगशाळेच्या जुन्या मालाच्या भावाने. तिन्ही वस्तूंचा वेगवेगळा भाव विचारा. एकत्र सौद्यात कबाडी नेहमी चांगल्या वस्तूच्या आडून वाईट खपवतो.

शेवटचं, आणि हे विसरू नका. फोटोत एकही डॉप नाही आणि डॉप एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला बदलायचा जिगही नाही. जिग म्हणजे व्ही आकाराच्या दोन खाचा समोरासमोर असलेली छोटी पट्टी. तिच्याशिवाय खड्याची खालची बाजू झाल्यावर वरची बाजू त्याच मध्यावर चिकटवता येत नाही. डॉप पितळेचे असतात, बोटाएवढे, टोकाला कप किंवा शंकूची खाच. कबाड्याकडे माल आला की त्याची पोरं पहिल्यांदा पितळ वेगळं काढतात. त्याला विचारा, हा लॉट कधी आला आणि त्यातलं पितळ कुठल्या पोत्यात टाकलं. ते पोतं अजून भट्टीला गेलं नसेल तर उपसून बघा, तिथे ते पितळेच्या वजनाच्या भावाने मिळतील. मशीनबद्दल बोलणी सुरू करायच्या आधी हे काम उरका, नंतर विचारलंत तर त्यांचीही किंमत वाढलेली असेल.